एसक्यूएल शिकायचंय पण कंटाळा येतो: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना प्रश्न विचारायच्या भाषेचीच निघाली, म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न: ताई, मी बीकॉम झालेय आणि पुण्यात डेटा अ‍ॅनालिस्टचा क्लास लावलाय. रोज तेच एम्प्लॉयी टेबल आणि डिपार्टमेंट टेबल, पन्नास हजारांपेक्षा जास्त पगार कोणाचा, कुठल्या डिपार्टमेंटला किती माणसं. वर्गात सगळं येतं, रूमवर आलं की पाटी कोरी. खेळत खेळत शिकता येईल असं काही असतं का? (सोलापूर)

उत्तर: असतं गं, भरपूर असतं. तुझ्या डोक्यात काही बिघाड नाहीये हे आधी सांगते. त्या टेबलातल्या माणसाला पन्नास मिळतात की साठ, हे कळून तुला काय करायचंय? उत्तराची ओढच नाही, म्हणून क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मनात टिकत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर कळल्याशिवाय चैन पडत नाही असा प्रश्न धर, मग सिंटॅक्स (लिहायचे नियम) पाठ करावा लागत नाही, तो हाताला लागतो.

पहिल्यांदा एसक्यूएल मर्डर मिस्ट्री खेळ. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या नाइट लॅबने बनवलेला खेळ आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो. एसक्यूएल सिटी नावाच्या शहरात १५ जानेवारी २०१८ ला खून झालाय, पोलिसांचा रिपोर्ट तुझ्याकडून हरवलाय आणि हातात आहे फक्त डेटाबेस. त्यात माणसं, गाडीची लायसन्स, जबाब, जिमच्या हजेऱ्या अशी टेबलं. थोडं पुढे गेलं की कळतं, एक साक्षीदार नॉर्थवेस्टर्न ड्राइव्हवरच्या शेवटच्या घरात राहतो. नाव नाही, नंबर नाही, नुसतं शेवटचं घर. आता डेटाबेसला ‘शेवटचं’ म्हणजे काय ते कुठे कळतंय, त्याला घर नंबर कळतात. मग तू काय करणार, त्या रस्त्यावरची माणसं गाळणार, घर नंबर मोठ्याकडून लहानाकडे लावणार आणि वरची एकच ओळ घेणार. बास, ऑर्डर बाय, डिसेंडिंग, लिमिट, तिन्ही एका झटक्यात झाले, आणि ते तुला गरज पडली म्हणून तू शोधलेस, कोणी फळ्यावर लिहून दिले नाहीत. पुढे जिमच्या मेंबरशिप नंबरची फक्त सुरुवात कळते तेव्हा अर्धवट माहितीवरून शोधणारं लाइक कशाला असतं तेही समजतं. जवळ कागद-पेन ठेव, कुठलं टेबल कुठल्या कॉलमने कुठे जोडलंय त्याच्या रेघा स्वतः मार. आणि यूट्यूबवर उत्तर अजिबात बघू नकोस, दोन दिवस लागले तर लागू देत. खुनी सापडला म्हणजे संपलं असंही नाही बरं का, त्याचा जबाब नीट वाच.

दुसरा एसक्यूएल आयलंड, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या युनिव्हर्सिटीत तयार झालेला, इंग्रजीतही खेळता येतो. विमान कोसळतं, तू एका बेटावर एकटी वाचतेस, आणि तिथं खायचं-प्यायचं, सोनं जमवायचं, सगळं क्वेरी लिहून. एके ठिकाणी मालक नसलेल्या वस्तू शोधायच्या असतात. इथे बहुतेक जण ‘मालक बरोबर नल’ असं लिहितात आणि एकही ओळ येत नाही. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामं अक्षरही नव्हे, नल म्हणजे ‘माहीत नाही’, आणि माहीत नसलेली गोष्ट कशाच्याच बरोबर नसते, म्हणून ‘इज नल’ लिहायचं. क्लासमध्ये हे वाक्य मीही ऐकलं होतं, पण डोक्यात घुसलं ते असं अडकल्यावरच.

एसक्यूएलझू पण आहे, देशांची लोकसंख्या, नोबेल विजेते वगैरे, प्रवासात बसून चार-चार प्रश्न सोडवायला बरं.

पण खरी मजा खेळ संपल्यावर येते. क्रिकेट आवडतं ना? तुला नसेल तर घरात कोणाला तरी असेलच. क्रिकशीट नावाच्या साइटवर आयपीएलच्या मॅचेसचा बॉल टू बॉल डेटा फुकट मिळतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली) फाइल उतरवून घे, डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे फुकट सॉफ्टवेअर टाक (एसक्यूलाइट म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस), त्यात फाइल इम्पोर्ट कर, झाला तुझा डेटाबेस. एका बॉलला एक ओळ: बॅट्समन कोण, बोलर कोण, बॅटमधून किती रन, वाईड होता का, विकेट गेली का.

आता पहिली क्वेरी कुठली करायची ते मी सांगते, कारण तिचं उत्तर आधीच जगाला माहितेय. १८ एप्रिल २००८, आयपीएलची पहिलीच मॅच, बंगळुरू, मॅक्युलमने कोलकात्याकडून ७३ बॉलमध्ये नाबाद १५८ मारले. त्या मॅचच्या ओळी गाळ, मॅक्युलमच्या रनांची बेरीज कर, १५८ यायलाच पाहिजेत. मग बॉल मोज. ७३ पेक्षा जास्त आले तर तू वाईडही मोजलेस, वाईड बॅट्समनच्या बॉलमध्ये धरत नाहीत, नो बॉल मात्र धरतात. मग वाईडचा कॉलम जिथे रिकामा आहे तेवढ्याच ओळी घ्यायच्या. इथे परत तोच नल, आणि वर एक फाटा, काही वेळा इम्पोर्ट करताना रिकाम्या जागी नल न येता रिकामी स्ट्रिंग (काहीच न लिहिलेला मजकूर) येते आणि ‘इज नल’ने काहीच सापडत नाही, तेव्हा आधी कॉलममध्ये खरंच काय पडलंय ते डोळ्यांनी बघ. ७३ आले की स्ट्राइक रेट काढ, १५८ भागिले ७३ गुणिले १००. उत्तर २०० आलं तर घाबरू नकोस. दोन्ही पूर्णांक असले की एसक्यूलाइट भागाकारही पूर्णांकातच करतं, २.१६ चे २ होतात आणि वरचे १६ रन हवेत जातात. १०० च्या जागी १००.० लिही आणि गुणाकार आधी कर, २१६.४३ च्या आसपास येईल. एका माणसाच्या एका इनिंगमध्ये फिल्टर, बेरीज, नल आणि पूर्णांकी भागाकार, चारही गोष्टी झाल्या बघ.

मग प्रश्न वाढव. शेवटच्या चार ओव्हरमध्ये सगळ्यात जास्त स्ट्राइक रेट कोणाचा? नुसतं ग्रुप बाय करून (म्हणजे खेळाडूप्रमाणे गट पाडून) लावलंस तर सगळ्यात वर कोणीतरी दोन बॉलमध्ये १२ मारणारा येऊन बसेल, स्ट्राइक रेट ६००. तेव्हा तुला वाटेल की निदान दोनशे बॉल खेळलेलेच धरावेत, आणि तिथे हॅविंग, म्हणजे गटांवरची अट, लागतं. टीमप्रमाणे मोजलंस तर रायझिंग पुणेच्या दोन टीम दिसतील, कारण २०१६ मध्ये नाव सुपरजायंट्स होतं आणि २०१७ मध्ये शेवटचा ‘एस’ काढून सुपरजायंट केलं. दिल्लीचे डेअरडेव्हिल्स आणि कॅपिटल्स वेगळे निघतील. वानखेडे एकदा नुसतं वानखेडे स्टेडियम म्हणून येईल आणि एकदा पुढे स्वल्पविराम, मुंबई लावून. २००८ चा सीझन २००७/०८ असा लिहिलेला सापडेल. नोकरीत जो डेटा मिळतो तो अस्साच असतो, त्या एम्प्लॉयी टेबलसारखा धुतलेला-पुसलेला कधीच नसतो, त्यामुळे ही साफसफाई करताना चिडू नकोस, हेच तर काम आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, वय ४७, पतसंस्थेत हिशोब बघतो. एक्सेल चांगलं येतं, व्हीलुकअप, पिव्होट सगळं. मुलीचं लग्न झालं मागच्या वर्षी, आता संध्याकाळी वेळ असतो. एसक्यूएल शिकावं म्हणतो पण घरातली पोरं म्हणतात आता कशाला. जमेल का, आणि गोडी लागेल असं कुठून सुरू करू? (कराड)

उत्तर: दादा, तुम्ही अर्धं शिकलेलेच आहात. व्हीलुकअप म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या जॉइनचाच भाऊ आणि पिव्होट म्हणजे ग्रुप बाय. आणि सुरुवात कुठून करायची ते तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय, मुलीचं लग्न झालं. आहेराची वही जपून ठेवली असेलच ना? ती काढा.

दोन टेबलं करा. एकात निमंत्रणाची यादी: कुटुंबाचं नाव, गाव, किती माणसं बोलावली. दुसऱ्यात आहेर: कोणी, काय, किती रुपयांचा. आता जोडायला जाल तर पहिल्याच मिनिटाला अडाल. यादीत ‘बाळासाहेब पाटील’ आहे आणि वहीत लिहिणाऱ्या भाच्याने ‘पाटील काका, उंब्रज’ लिहिलंय. तुम्हाला माहितेय एकच माणूस आहे, कॉम्प्युटरला कसं कळणार? मग प्रत्येक कुटुंबाला एक नंबर द्या आणि वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर तो नंबर टाका. तुमच्या संस्थेत प्रत्येक सभासदाला खातेनंबर असतो तो ह्याचसाठी, त्याला इथे प्रायमरी की म्हणतात एवढंच. या कामाला दोन-तीन संध्याकाळी जातील आणि वहिनींना जवळ बसवावं लागेल, कारण कोण कोणाकडचं ते त्यांनाच ठाऊक असणार.

नंतर मजा सुरू. कुठल्या गावाहून किती आहेर आला? ग्रुप बाय गाव. बोलावलं पण आहेराच्या वहीत नाव नाही अशी कुटुंबं कोणती? निमंत्रणाला आहेर लेफ्ट जॉइन करा (जोडी नसली तरी पहिल्या टेबलातली ओळ राहते) आणि ज्यांच्या आहेराचा नंबर नल आला ते घ्या. ही यादी उणंदुणं काढायला नाही हो, बऱ्याचदा त्यात वहीत लिहायचं राहून गेलेलं पाकीट सापडतं. उलटं करा, आहेर आला पण निमंत्रणाच्या यादीत नाव नाही, तर कोणाला पत्रिका द्यायची राहिली होती ते कळतं, आणि तरी ते आले होते, त्यांना एक फोन करून टाका.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. दोन्ही टेबलं जोडून ‘एकूण किती माणसं बोलावली’ ची बेरीज केलीत तर आकडा फुगेल. एखाद्या कुटुंबाने साडी पण दिली आणि पाकीट पण दिलं, म्हणजे त्यांच्या आहेराच्या ओळी दोन, जॉइन केल्यावर कुटुंबही दोनदा आलं आणि त्यांची पाच माणसं दहा झाली. एक्सेलच्या व्हीलुकअपमध्ये हे होत नाही कारण तो पहिलं सापडलं की थांबतो, जॉइन थांबत नाही. एक्सेलवरून आलेली चांगली चांगली माणसं इथे चुकतात, तुम्ही घरच्या वहीवर चुकून घ्या म्हणजे बाहेर चुकणार नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. संस्थेतल्या सभासदांचा डेटा सरावासाठी घरी आणू नका, पेन ड्राइव्हवर नाही, मेलवर नाही. आणि अपडेट किंवा डिलीट करायच्या आधी तीच अट सिलेक्टला लावून कुठल्या ओळी येतात ते बघा. माझ्या पहिल्या नोकरीत मी अपडेटला व्हेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) लावायचं विसरले होते आणि चौदा हजार ओळींत एकच शहर भरलं गेलं. टेस्टचा डेटाबेस होता म्हणून निभावलं, पण त्या पाच मिनिटांत हातापायाला सुटलेला घाम अजून आठवतो. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये असतो, तेव्हा रोज बसण्याआधी त्या फाइलची कॉपी करून ठेवायची. पोरांना सांगा, सत्तेचाळीस हे काही वय नाही.

प्रश्न: चॅटजीपीटीला मराठीत सांगितलं तरी क्वेरी लिहून देतं. मग हे सगळं शिकण्यात वेळ का घालवायचा? (नागपूर)

उत्तर: लिहून देतं, मीही रोज घेते. पण वर कराडच्या दादांना जो खड्डा दाखवला ना, तसल्या खड्ड्यात पडलेली क्वेरी चालते, एरर येत नाही, आकडा येतो, आणि तो आकडा चूक असतो. तो चूक आहे हे कोणी ओळखायचं?

यावर सराव करायला चिनूक नावाचा फुकट डेटाबेस घे, गाणी विकणाऱ्या दुकानाचा आहे, ११ टेबलं. इनव्हॉइस ४१२ आहेत आणि त्यांच्या एकूण रकमेची बेरीज २,३२८.६० डॉलर येते. आता इनव्हॉइसला त्यातल्या ओळींचं टेबल जोडून परत तीच बेरीज कर, रक्कम कितीतरी पट होईल, कारण एका बिलात जितकी गाणी तितक्यांदा बिलाची रक्कम मोजली गेली. आम्ही ऑफिसात नव्या मुलांसोबत दुपारच्या चहाला एक खेळ खेळतो, एआयकडून क्वेरी लिहून घ्यायची, ती चालवायच्या आधी प्रत्येकाने कागदावर दोन आकडे लिहायचे, किती ओळी येतील आणि बेरीज साधारण किती. ज्याचा अंदाज जवळ त्याचा चहा बाकीच्यांनी द्यायचा. महिनाभरात मुलं क्वेरी वाचूनच म्हणायला लागतात, ‘अगं ही फुगणार.’ एवढं ओळखता आलं की मग बिनधास्त लिहून घे कोणाकडूनही.

प्रश्न: दहा दिवसांवर इंटरव्ह्यू आहे. काय करू? (ठाणे)

उत्तर: दहा दिवसांत खेळ नको, थेट सराव कर. लीटकोड या सरावाच्या साइटवर एसक्यूएलच्या पन्नास प्रश्नांचा संच आहे, रोज पाच-सहा. सोडवलेला प्रश्न दोन दिवसांनी काहीही न बघता परत लिही, हे सगळ्यात महत्त्वाचं. विंडो फंक्शनवर (ओळी एकत्र न करता आजूबाजूच्या ओळींकडे बघून हिशोब करणारी), म्हणजे रो नंबर, रँक, लॅग यांवर निदान दोन दिवस दे, ‘प्रत्येक डिपार्टमेंटमधला दुसरा सगळ्यात जास्त पगार’ ह्या प्रश्नाशिवाय इंटरव्ह्यू मी क्वचितच बघितलाय. पोस्टग्रेस (हाही एक डेटाबेस) विचारणार असतील तर पीजी एक्सरसाइजेस ही साइट कर, एका क्लबच्या तीनच टेबलांवर साध्यापासून अवघडपर्यंत छान चढत जातं. ऑल द बेस्ट.

प्रश्न: मी ज्युनिअर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवतो. वर्गात ६० मुलं, चालू कॉम्प्युटर १८, इंटरनेटचा भरवसा नाही. मुलांना सिलेक्ट, ग्रुप बाय समजतं पण हॅविंग आणि व्हेअरमध्ये हमखास घोळ. काही कृतीतून शिकवता येईल का? (सिन्नर)

उत्तर: सर, कॉम्प्युटर बंद करा आणि मुलांना मैदानात घेऊन जा, खरंच सांगतेय.

घोळ मुळात भाषेच्या रचनेत आहे. १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी टेबलांचं गणित मांडलं, आणि १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर ही भाषा बसवली, तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं. साध्या माणसालाही इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी असा त्यांचा प्रयत्न होता, म्हणून सिलेक्ट आधी लिहितात. पण काम त्या क्रमाने होत नाही. आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, आणि सिलेक्टचा नंबर त्यानंतर. मुलं लिहिलेल्या क्रमाने विचार करतात आणि अडकतात.

तर मैदानात साठही मुलं उभी करा, हे फ्रॉम. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी: गाव, कुठल्या एसटीने येतो, घरापासून किती किलोमीटर. आता म्हणा, ‘व्हेअर अंतर पाचपेक्षा जास्त.’ जवळची मुलं खाली बसतील. प्रत्येकाने फक्त स्वतःची चिठ्ठी बघितली, शेजाऱ्याला विचारावं लागलं नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. मग ‘ग्रुप बाय एसटी’, उभी असलेली मुलं आपापल्या बसप्रमाणे घोळके करतील, थोडा गोंधळ होईल, होऊ द्या. मग ‘हॅविंग काउंट चारपेक्षा जास्त’, आता लहान घोळके अख्खेच्या अख्खे खाली बसतील. इथे थांबा आणि विचारा, हीच अट मघाशी व्हेअरला घातली असती तर? कोणीतरी म्हणेलच, ‘सर, तेव्हा घोळके कुठे झाले होते?’ मुलाच्या तोंडून हे आलं की तुमचा धडा झाला. शेवटी सिलेक्ट, प्रत्येक घोळक्यातून एकानेच हात वर करून दोनच गोष्टी सांगायच्या, बसचं नाव आणि आकडा. बाकीच्यांची नावं विचारलीत तर ते सांगूच शकत नाहीत, कारण आता एक घोळका म्हणजे एक ओळ.

जॉइनला दोन रंगांचे कागद घ्या, पांढऱ्यावर विद्यार्थी, पिवळ्यावर एसटीचं वेळापत्रक, ज्याने त्याने आपली पिवळी चिठ्ठी शोधून जोडी लावायची. सायकलने येणाऱ्याला जोडी मिळणार नाही. इनर जॉइन म्हटलं की तो बाहेर, लेफ्ट जॉइन म्हटलं की तो रिकामा हात वर करून उभा. तो रिकामा हात म्हणजे नल.

मग लॅबमध्ये या. इंटरनेट नसलं तरी अडत नाही, मर्डर मिस्ट्रीची एसक्यूलाइट फाइल वेगळी मिळते, एकदा कुठूनतरी उतरवून पेन ड्राइव्हने अठराही मशीनवर टाका, सोबत डीबी ब्राउझर. एका मशीनवर तीन-चार मुलं बसतील ते उलट बरंच, एकाने टाइप करायचं, एकाने वहीत टेबलांच्या रेघा मारायच्या, बाकीच्यांनी संशय घ्यायचा, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. मैदानातला प्रयोग झाला की जरूर लिहा, हॅविंगनंतर कुठल्या कुठल्या बसची मुलं उभी राहिली ते वाचायला आवडेल.